बाईंच्या पदवीला मीच प्लास्टिक चढवलं

मी एक जुनी लॅमिनेशन मशीन आहे. माझा पत्रा पिवळा पडला आहे, हिरवा दिवा लागतो, लाल लागत नाही. दोन पारदर्शक पापुद्र्यांमध्ये कागद ठेवून माझ्या तोंडात सरकवतात, माझे गरम रूळ तो दाबतात आणि पलीकडून तो कडक, चकचकीत होऊन बाहेर पडतो. एवढंच माझं काम. पण मित्रांनो, या कामापायी मी इतके कागद पाहिले आहेत, की आता काही चकचकीत दिसलं की मला आधी संशय येतो.

कारखान्यातून मी थेट एका स्टेशनरीच्या दुकानात आले. दुकान एका काकांचं होतं. शाळेची ओळखपत्रं, दवाखान्याच्या वेळा, 'कृपया चपला बाहेर काढाव्यात' अशा पाट्या, असली साधी कामं मी केली. काका मला रोज कोरड्या फडक्यानं पुसायचे आणि गिऱ्हाइकांना सांगायचे, "हिनं आजवर एक बुडबुडा सोडलेला नाही." त्या कौतुकावर मी बारा वर्षं काढली. मग काकांना दिसेनासं झालं, दुकान मोडलं आणि चार खुर्च्यांबरोबर मीही विकली गेले.

मला घेतलं ते दुसऱ्या मजल्यावरच्या एका केंद्रानं. बाहेर पाटी होती: 'परदेशात इंग्रजी शिकवा. पात्रता आम्ही देतो.' केंद्र चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे ग्लोबल सर म्हणत. आधी ते पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचे. परदेशी ते एकदाच गेले होते, तेही सहलीबरोबर पाच दिवस. तिथं एका सुटकेसशेजारी काढलेला त्यांचा फोटो टेबलामागे हातभर मोठा करून लावला होता. बिचारी सुटकेस त्यांच्यापेक्षा जास्त फिरलेली असावी.

सरांचा अभ्यासक्रम एकशेवीस तासांचा होता आणि तो दोन रविवारांत संपायचा. "सर, बाकीचे तास?" असं कुणी विचारलं तर ते म्हणायचे, "ते स्वाध्यायाचे." शेवटी सोनेरी काठाचं, दोन सिंहांचं आणि छापील निळ्या फितीचं सर्टिफिकेट मिळायचं. ते माझ्या तोंडात सरकवलं जायचं. कित्येकदा मी मुद्दाम अडायचे. मग सर माझ्या डोक्यावर चापट मारायचे आणि मला ते गिळावं लागायचं.

उन्हाळ्यात परदेशात मुलांची सहा आठवड्यांची शिबिरं भरतात. तिथं इंग्रजी शिकवायला माणसं लागतात. अटींची यादी भिंतीवर डकवलेली होती. कुठल्याही विषयाची पदवी आणि तिच्यावर सरकारी पडताळणीचा शिक्का. एकशेवीस तासांचं सर्टिफिकेट. पोलिसांचा दाखला. वय पन्नासच्या आत. शिकवता येतं का, हा रकाना त्या यादीत कुठंच नव्हता. मी ती यादी रोज समोर बघायचे, म्हणून खात्रीनं सांगते.

एके दिवशी एक बाई आपल्या मुलीला घेऊन आल्या. पर्सच्या बंदाला खडूची भुकटी लागलेली होती.

"सर, मी चोवीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवतेय. तरी हा कोर्स करावाच लागेल का?"

"अनुभव काय हो, कुणालाही असतो," सर म्हणाले. "सर्टिफिकेट आहे का?"

मुलगी म्हणाली, "आई, करून टाक ना. पुढच्या वर्षी पन्नाशी लागली की विषयच संपला."

बाई हसल्या. "चोवीस वर्षं मुलांकडून पत्ता विचारायचा धडा घोकून घेतला. एकदा तिथल्या रस्त्यावर उभं राहून मला खरंच कुणाला तरी पत्ता विचारायचाय. बाकी काही नको."

असं म्हणून त्या पुढच्या बाकावर बसल्या. मागच्या बाकावर एक तरुण होता. त्याला सगळे झोपाळू म्हणत आणि ते नाव त्यानं मेहनतीनं मिळवलेलं होतं. दोन्ही रविवार तो टोपी डोळ्यांवर ओढून घोरला. दुसऱ्या रविवारी सरांनी प्रत्येकाला दहा मिनिटं शिकवायला सांगितलं. बाईंनी खुर्च्या सरकवून गल्ल्या केल्या, एका बाकाचा दवाखाना केला, एकाचं पोस्ट केलं आणि सगळ्या वर्गाला पत्ते विचारत फिरायला लावलं. झोपाळूसुद्धा उठला आणि चुकून दोन वाक्यं शिकलाही. सर फोनमध्ये बघत होते. मान वर करून ते म्हणाले, "ठीक आहे. पण जरा हसतमुख राहा." मग त्यांनी झोपाळूच्या सर्टिफिकेटवर लिहिलं, 'विशेष प्रावीण्य'. बाईंच्या सर्टिफिकेटवर नुसतं 'उत्तीर्ण'.

पण सरांना काय नावं ठेवू? पुढचं पाप माझं आहे.

"तुमची पदवीही द्या, लॅमिनेट करून देतो," सर म्हणाले. "तिकडे इंप्रेशन पडतं." बाईंनी जुन्या फाइलमधून सत्तावीस वर्षांपूर्वीचा जाड कागद काढला. त्यावर उठावाची मोहोर होती आणि एक कोपरा झिजलेला होता. "नीट करा हं," त्या म्हणाल्या, "हा एकच आहे." काका असते तर त्यांनी तो तिथल्या तिथं परत केला असता. मूळ कागदाला ते कधी हात लावत नसत, झेरॉक्स आणायला सांगत. हे मला ठाऊक होतं. अडायला मी चांगलीच शिकले होते. पण त्या दिवशी मी अडले नाही. कितीतरी वर्षांनी असा जिवापाड जपलेला कागद तोंडाला लागला होता, म्हणून मी माझी सगळी कला दाखवली. एक बुडबुडा सोडला नाही. मला त्या सफाईची आजही लाज वाटते.

आठव्या दिवशी मायलेकी परत आल्या. पडताळणीच्या कचेरीतल्या कारकुनानं पदवी उलटीपालटी करून बाईंना सांगितलं होतं, "याच्या पाठीवर शिक्का मारायचा असतो. प्लास्टिकवर शाई धरत नाही. लॅमिनेट केलेला कागद आम्ही घेत नाही, विद्यापीठातून दुसरी प्रत आणा." दुसऱ्या प्रतीला चार महिने लागणार होते. शिबिर पाच आठवड्यांवर आलं होतं.

"हात्तिच्या! काढून टाकू की," म्हणत सरांनी ब्लेड घेतलं आणि कोपरा उचलला. पापुद्र्याबरोबर मोहोरेचा एक तुकडा सोलून आला. बाईंनी पदवी हिसकावून घेतली.

मुलगी सरांना म्हणाली, "तुम्हाला हे माहीत नव्हतं?"

"अहो, आम्ही सगळ्यांच्याच पदव्या लॅमिनेट करतो! आजवर एकाची तक्रार नाही."

ते खरं होतं. तक्रार येणार कुठून? त्यांच्याकडून आजवर कुणी परदेशी गेलेलंच नव्हतं.

पहिला गेला तो झोपाळू. त्याची पदवी माझ्या तावडीतून सुटली, कारण ती कॉलेजातून आणायचाच त्याला कंटाळा आला होता. शेवटच्या आठवड्यात त्यानं ती गुंडाळी करून आणली, तशीच कचेरीत नेली आणि तिच्यावर शिक्का बसला. ज्यांनी आपला कागद सत्तावीस वर्षं जपला त्या राहिल्या, आणि ज्यानं त्याची पर्वाच केली नाही तो विमानात बसला. तिथंही झोपला असेल.

आता सुटकेसच्या फोटोशेजारी झोपाळूचा फोटो आहे. भोवती वीस गोरीगोमटी मुलं आहेत आणि सगळी त्याच्याकडे सोडून इकडेतिकडे बघत आहेत. तो फोटो बघून चिक्कार नवे विद्यार्थी आले. तेव्हा सरांनी बाईंना बोलावून घेतलं.

"झालं गेलं सोडा बाई. नवी बॅच तुम्हीच शिकवा. तुमचं पोरं ऐकतात."

"त्यासाठी काय पात्रता लागते?" बाईंनी विचारलं.

सर खो खो हसले. "अहो, इथं कोण विचारतं!"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या यादीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "मला विचारलं ना, तिकडे जाताना. आणि मी सगळं दिलं होतं." पर्स उचलून त्या जिना उतरल्या. नवं वर्ष लागलं आणि त्यांना पन्नास पूर्ण झाली.

मित्रांनो, आपला मूळ कागद माझ्यासारखीच्या तोंडी देऊ नका. तो मळला तर मळू द्या, चुरगळला तर चुरगळू द्या. आणि सोनेरी काठ मिरवत कुणी तुम्हाला शिकवायला उभं राहिलं, तर त्याला काय येतं ते तुम्ही तरी विचारा. बाईंची पदवी आता पाण्यात बुडवली तरी भिजणार नाही, अजून शंभर वर्षं तशीच चकचकीत राहील. तिच्यावर शिक्का मात्र कधीच बसणार नाही.