त्रिकोणी पट्टीचा दसरा

मी एक जुनी त्रिकोणी पट्टी आहे. मित्रांनो, हसू नका. भूमितीच्या तासाला तुम्ही पुष्कळ त्रिकोण पाहिले असतील. ते फळ्यावर राहतात आणि तुम्हाला छळतात. मी मांजरपाटाची आहे आणि आजवर एकाही मुलाला छळलेलं नाही.

माझा जन्म नगरच्या कापड बाजारातला. एका शिंप्यानं कापडाचा मोठा चौकोन घेतला, कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घातली आणि घडीवरून कात्री चालवली. एकाच्या दोघी झालो. मी आणि माझी जुळी बहीण. थोरली कोण आणि धाकटी कोण, ते कात्रीलाच ठाऊक. आम्हाला उकळलं, उन्हात वाळवलं, इस्त्री केली आणि पत्र्याच्या एका पेटीत ठेवलं. पेटीच्या झाकणावर लाल फुली होती. शेजारी कापूस होता, गुंडाळ्या होत्या आणि एक बाटली होती, तिचा वास तिच्या आधी पोचायचा.

ही पेटी एका रायफल क्लबानं घेतली. एकाहत्तरच्या लढाईचे वारे वाहू लागले होते आणि जिल्ह्यात नेम धरायची हौस फार वाढली होती. नगरहून राहुरीकडे जाताना एका टेकडीच्या पायथ्याशी क्लबाचं मैदान होतं. समोर मातीचा उंच बांध आणि बांधाला टेकून कागदी निशाणं. दर रविवारी सभासद जमायचे आणि कागदावर गोळ्या झाडायचे. कागदानं त्यांचं काय वाकडं केलं होतं, ते मला कधी कळलं नाही.

क्लबाचे अध्यक्ष आबासाहेब. राहुरीकडचे बागाईतदार. मिशी अशी, की माणूस वळला तरी ती जरा उशिरा वळायची. पण क्लबातला सगळ्यात पक्का नेम तिसगावच्या गोरक्षनाथाचा. त्याच्या उजव्या मनगटावर पाण्यानं भरलेला पेला ठेवला तरी थेंब सांडू नये. त्याच हातानं तो आठवडाभर औत हाकायचा आणि रविवारी रायफल धरायचा. पुढच्या साली राज्याच्या स्पर्धेला तो जाणार, हे सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. त्याला सोडून.

आणि आम्ही? आमची पूजा झाली. दसऱ्याला बंदुका मांडल्या, त्यांच्या शेजारी पेटीही मांडली. हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि पेटीभोवती लाल दोरा गुंडाळून गाठ मारली. मग कुणी तरी म्हणालं, की पुजलेली पेटी उगाच उघडली तर रक्त दिसतं. झालं! दोरा कुणी सोडेना. सभासद पेटीवर बसून बुटांच्या नाड्या बांधू लागले. मित्रांनो, देव्हाऱ्यात बसणं आणि बाकड्याखाली येणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा होतात, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल.

बहात्तर साली वरून हुकूम आला. सभासद प्रथमोपचार शिकले नाहीत तर मैदान बंद. मग सुनीतीबाई आल्या. नगरात त्या प्रथमोपचाराचे वर्ग घ्यायच्या. एसटीतून उतरल्या, पदर खोचला आणि आल्या आल्या त्यांनी तो लाल दोरा तोडला. सगळ्यांनी डोळे मिटले. रक्त दिसलं नाही. दिसलो आम्ही.

"पहिला धडा," बाई म्हणाल्या. "कुणाला लागलं, तर आधी त्याच्याकडे धावायचं नाही. आधी गोळीबार थांबवायचा. सगळ्या बंदुका रिकाम्या, सगळ्या जमिनीवर. नाही तर एकाला उचलायला गेलेले दोघं आडवे व्हायचे. आता कुणी तरी जखमी व्हा बघू. हं, कोण झोपतंय?"

कुणीच झोपेना.

"बाई, म्या न्हाई पडनार," आबासाहेब म्हणाले. "आमच्या घरान्यात कुनाची पाठ जमिनीला लागली न्हाई."

"मग झोपता कसे?"

"कुशीवर."

एक वकील सभासद होते. ते म्हणाले, "मी इथं पडलो, तर उद्या ही बातमी माझ्याआधी कोर्टात हजर होईल." गोरक्षनाथ म्हणाला, "सोंग घेतलं की खरं हुतं, असं आमच्याकडं म्हनत्यात." शेवटी एक बाजरीचं पोतं आणलं. त्याला मुंडासं बांधलं आणि सतरंजीवर निजवलं. पोतं मोठं गुणी निघालं. कितीही आवळा, तक्रार नाही.

बाई कंबरेवर हात ठेवून बघत होत्या. "त्याला विचारलंत का, कुठं दुखतंय?"

"ते काय सांगनार, बाई?"

"मीही तेच म्हणते."

तेवढ्यात आबासाहेबांच्या मंडळी रंगुबाई भाकरीची पाटी घेऊन आल्या. प्रकार पाहिला, पाटी ठेवली आणि म्हणाल्या, "सरका. मी पडते. घरी तरी कुठं पडायला मिळतंय!" आणि खरोखर सतरंजीवर आडव्या झाल्या. मोठं समाधान दिसत होतं तोंडावर.

आता नवी पंचाईत. अध्यक्षांच्या मंडळींना हात कोण लावणार? सगळे एक पाऊल मागं सरले आणि आबासाहेब न हलताच पुढं आले. मला त्यांनी हातात घेतलं. रंगुबाईंच्या दंडाभोवती एक सैल वेढा घातला.

"आवळा की जरा," रंगुबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. "बैलाला येसन घालताना हात बरा चालतूया!"

"आगं, दुखंल तुला."

"लगीन झाल्यापास्नं पयल्यांदा इचारलं बघा, बाई."

मग बाईंनी अवघड धडा काढला. "जखमेत काच, लोखंड असं काही रुतलं असेल, तर ते उपसायचं नाही. बाटलीच्या बुचासारखं ते रक्त अडवून धरतं. त्याच्या भोवती कापडाचं गोल कडं ठेवायचं आणि त्यावरून बांधायचं. दाब कडेनं पडतो, रुतलेल्या वस्तूवर पडत नाही." त्यांनी माझ्या बहिणीचं कडं वळून दाखवलं आणि सोडलं. सभासदांनी प्रयत्न केले. वकिलांची जिलबी झाली. गोरक्षनाथाचं चाक झालं, पण ते निसटून गडगडत गेलं.

रंगुबाईंनी एक डोळा उघडला. "आवं, ही तर चुंबळ! हंड्याखाली ठेवतो ती."

"अगदी तीच," बाई म्हणाल्या.

हे कळताच सभासदांनी कापड खाली ठेवलं. चुंबळ? नेम धरणाऱ्या माणसानं चुंबळ वळायची?

"ते काय आमचं काम न्हाई," आबासाहेब म्हणाले. "लोक काय म्हनतील?"

"लोक म्हणायला जिवंत राहिले, की झालं," बाई म्हणाल्या आणि एसटी गाठायला निघाल्या.

मित्रांनो, पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. त्या दिवशी आबासाहेबांनी आम्हा दोघी बहिणींना गुपचूप कोटाच्या खिशात घातलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गोठ्यामागं गेले आणि माझ्या बहिणीची चुंबळ वळू लागले. वळली, सुटली. पुन्हा वळली, पुन्हा सुटली. एकदा जमली असं वाटलं, म्हणून खात्री करायला त्यांनी ती डोक्यावर ठेवली, वर कळशी ठेवली आणि चार पावलं चालून पाहिली. इतका मोठा बागाईतदार, इतकी मोठी मिशी, आणि वर कळशी. म्हशीनं रवंथ थांबवला.

"डावीकडं कलतीया," भिंतीपलीकडून रंगुबाई म्हणाल्या.

कळशी पडली. "कोन बघत न्हाई ना आनखी?"

"म्हस बघतीया. पन ती कुनाला सांगत न्हाई. द्या हिकडं. शेवटचं टोक आत खुपसायचं आस्तंय." त्या दिवसापासून गोठ्यामागं रोज वर्ग भरू लागला. वर्गात एकच विद्यार्थी होता आणि तो नापास व्हायला तयार नव्हता.

मग दसरा आला. त्या साली पाऊस रुसला होता, म्हणून सण हौसेनं करायचा असं ठरलं. आम्ही धुऊन, घडी घालून पेटीत परत गेलो होतो. पूजा झाली, झेंडू आला आणि लाल दोराही आला. दसऱ्याला पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी विश्रांती द्यायची, अशी आपल्याकडे रीत आहे. मात्र सलामीचा बार काढायचा होता, त्यामुळे विश्रांती फक्त पेटीला मिळाली. बंदुकांना सुट्टी नव्हती.

गोरक्षनाथानं आजोबांची ठासणीची बंदूक आणली होती. सणाची म्हणून त्यानं दारूही सणासारखीच ठासली. चाप ओढला. आवाज झाला, पण तो बंदुकीचा नव्हता. नळी मागच्या बाजूला फुटली होती. धूर विरला तेव्हा गोरक्षनाथ गुडघ्यावर बसला होता आणि त्याच्या उजव्या हातात, मनगटाच्या जरा वर, लोखंडाचा एक तुकडा उभा रुतला होता. रक्त धारेनं वाहत होतं.

मग जे व्हायचं तेच झालं. एकानं पूजेच्या ताटातली हळद मूठभर उचलली. दुसऱ्यानं तंबाखूची चंची काढली. "वढा ते लोखंड! वढा!" असं तिसरा ओरडला. वकिलांनी सवयीनं पोतं पुढं ओढलं.

"फायर बंद!" आबासाहेबांचा आवाज टेकडीवर आपटून परत आला. "आदी बंदुका रिकाम्या करा! जमिनीवर ठिवा! लोखंडाला कुनी हात लावायचा न्हाई! ती हळद माघारी ताटात टाक. छगन, पेटी!"

छगन हा मैदानाचा राखणदार. त्यानं पेटी आणली, पण छातीशीच धरून ठेवली. "आबासाहेब, आजच पुजलीया. आज दोरा सोडत न्हाईत."

सगळ्यांनी आबासाहेबांकडे पाहिलं. क्लबात शकुन-अपशकुन सगळ्यात जास्त मानणारा माणूस तोच होता. मांजर आडवं गेलं तर जीप वळवून घरी जाणारा.

"देवाला काय सांगायचं ते म्या सांगतो," ते म्हणाले आणि दोरा तोडला.

त्यांनी गोरक्षनाथाला निजवलं, हात वर धरायला लावला. मग सगळ्या क्लबासमोर, दसऱ्याला आलेल्या सगळ्या गावकऱ्यांसमोर, कुणाकडेही न बघता, त्यांनी माझ्या बहिणीची चुंबळ वळली. शेवटचं टोक आत खुपसलं. अशी देखणी चुंबळ मी नंतर पाहिली नाही. वकिलांना हसू आलं होतं, ते त्यांनी गिळलं. चुंबळ जखमेवर बसली, लोखंड तिच्या मध्ये मोकळं राहिलं आणि मग माझी पाळी आली. माझी रुंद पट्टी केली, तुकडा टाळून दोन्ही बाजूंनी वेढे घेतले आणि मला आवळून सपाट गाठ मारली. मित्रांनो, मी आवळले! आयुष्यभर घडीत पडून साठवलेला सगळा जोर मी लावला. रक्त माझ्यापर्यंत आलं. आबासाहेबांनी मला सोडलं नाही, वरून आणखी कापड दाबलं. हळूहळू रक्त थबकलं.

"आबासाहेब," गोरक्षनाथ म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "हात जाईल का वो?"

"जानार कुठं? म्या बांधलाय."

रंगुबाईंनी त्याला घोंगडी पांघरली. "पानी," तो म्हणाला. रंगुबाई म्हणाल्या, "पानी न्हाई द्यायचं, बाईंनी सांगितलंय. वट वले करते. तू बोलत ऱ्हा. औताच्या बैलांची नावं सांग." त्यानं आपल्या बैलांची नावं सांगितली. मग शेजाऱ्याच्या बैलांची सांगितली. जीप नगरला पोचली तेव्हा तो अख्ख्या तिसगावाचे बैल संपवून गाईंकडे वळला होता.

दवाखान्यात एका तरुण डॉक्टरनं मला कापायला कात्री उचलली. कात्रीची आणि माझी ओळख जन्माची.

"कापू नगा, साहेब," आबासाहेब पुढं झाले. "सपाट गाठ हाय. ही दोन टोकं आत ढकला, सुटंल." डॉक्टरनं ढकलली आणि गाठ सुटली.

मग गोरक्षनाथाला आत नेलं, मी आबासाहेबांच्या हाती राहिले आणि दार लागलं. सगळा क्लब व्हरांड्यात उभा होता. मोठमोठे नेमबाज, पण कुणाची नजर एका जागी ठरत नव्हती. वकील भिंतीवरच्या पालीकडे अशा गंभीरपणे बघत होते, जणू तिची उलटतपासणी चालली आहे.

उन्हं कलल्यावर मोठे डॉक्टर बाहेर आले. "लोखंड निघालं. शीर शिवली आहे. वाटेत कुणी ते ओढलं असतं, तर इथवर आला नसता." मग दार सताड उघडून ते आत वळून म्हणाले, "गोरक्षनाथ, बोटं हलवा."

करंगळी हलली. अनामिका हलली. मधलं बोट जरा विचार करून हललं. मग तर्जनी, जी चाप ओढते ती. आणि शेवटी अंगठा.

व्हरांड्यात असा जल्लोष झाला, की परिचारिका धावत आली आणि क्लबाच्या अध्यक्षांना दटावून गेली. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग कुणी तरी खिशातून आपट्याची पानं काढली. दसराच होता ना! सगळे सोनं द्यायला आबासाहेबांकडे धावले. आबासाहेबांनी हात वर केला आणि स्वतःच्या खिशातली पानं काढून रंगुबाईंच्या हातावर ठेवली.

"घे सोनं. आदी गुरूला."

रंगुबाईंनी ती पानं पदराच्या टोकाला बांधली. गाठ सपाट होती.

पुढं प्रथमोपचाराची परीक्षा झाली आणि सगळे सभासद पास झाले. मैदान राहिलं. माझी बहीण कामी आली, तिच्याबद्दल मी अभिमानानं बोलते. मला धुतलं, उकळलं, तरी एक फिकट डाग उरलाच. तो मी पदकासारखा मिरवते. गोरक्षनाथ एका सालानं उशिरा राज्याच्या स्पर्धेला गेला आणि ढाल घेऊन आला. मात्र क्लबात सगळ्यांनी त्याच्या ढालीआधी त्याचा हात उलटसुलट करून पाहिला.

आता मी जुनी झाले आहे. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. मला धुवा, उन्हात वाळवा, कोरडी घडी घाला. माझी पूजा केलीत तर मला आनंदच आहे, पण मला सोडवायला आणि बांधायलाही शिका. उद्या शाळेत गेलात, की प्रथमोपचाराच्या पेटीची किल्ली कुठं आहे ते विचारा. "असेल कुठं तरी," असं उत्तर आलं, तर ती सापडेपर्यंत वर्गात जाऊ नका. गुरुजी रागावले, तर खुशाल माझं नाव सांगा.