शंभरावा माणूस

एमॉस पिलिंग चोवीस वर्षं ब्रॅकनशॉचा खासदार होता आणि चोवीस वर्षांत तो सभागृहात अकरा वेळा बोलला. त्यातलं एक भाषण ‘महोदय, ती खिडकी लावता आली तर बरं’ एवढंच होतं. छापील इतिवृत्तात ते आहे. मी मुद्दाम शोधून काढलं आणि पक्षाच्या ख्रिसमसच्या जेवणात सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. सगळ्यात मोठ्याने एमॉसच हसला. असल्या माणसाचं काय करायचं, तुम्हीच सांगा.

नऊ वर्षं आम्ही एका खोलीत बसलो. त्याचं टेबल दाराशी, माझं खिडकीशी. मी शेजारच्या खोऱ्यातला, कोल्डरस्लीचा. आधी शाळामास्तर होतो. तो बाराव्या वर्षी सूतगिरणीच्या पिंजण खात्यात लागलेला. तिथून युनियन, आणि युनियनमधून इथे. म्हणजे निवडून यावा असं काही त्याच्यात होतं म्हणून नव्हे. जुना खासदार मेला, पक्षातल्या दोन गटांना एकमेकांचा माणूस नको होता, आणि दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ झाला. हा तिसरा नाकासमोर चालणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ब्रॅकनशॉत त्या काळी आमच्या पक्षाने कोळशाचं पोतं उभं केलं असतं तरी ते निवडून आलं असतं.

दर सोमवारी तो गावाहून एक पत्र्याचा डबा घेऊन यायचा. त्यात त्याच्या बहिणीने, हेस्टरने भाजलेला ओट आणि आल्याचा केक. तो द्वारपालांना द्यायचा, टंकलेखन करणाऱ्या मुलींना द्यायचा, समोरच्या पक्षाच्या लोकांनाही द्यायचा. दर शनिवारी सहकारी दुकानाच्या माडीवर बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकायचा: गळकी छपरं, अडकलेली पेन्शनं, शेजाऱ्याची कबुतरं. एखादी बाई रडायला लागली की हाही रडायचा. लोकांना ते फार आवडायचं. मला ते बघवत नसे.

हेस्टर त्याच पिंजण खात्यात अठरा वर्षं होती. कापसाची धूळ छातीत बसून चव्वेचाळिसाव्या वर्षी तिचे श्वास संपत आले. कायदा असा होता की वीस वर्षं धुळीत काढली असतील तरच भरपाई. दोन वर्षं कमी पडली, कारण छाती आधी गेली. लवकर आजारी पडली हाच तिचा गुन्हा. ब्रॅकनशॉत अशा तीनशेवर बायका होत्या. ती वीस वर्षांची अट काढून टाकायची, एवढं एकच काम एमॉसला आयुष्यात करायचं होतं.

आमच्याकडे दर वर्षी साध्या सदस्यांच्या नावांची सोडत निघते. ज्याचं नाव वर येतं त्याला स्वतःचं विधेयक आणायला एक शुक्रवार मिळतो. चोवीस वर्षं एमॉसने नाव टाकलं आणि चोविसाव्या वर्षी त्याचा चौथा नंबर लागला. त्या दिवशी त्याने डब्यातला सगळा केक वाटून टाकला आणि स्वतः उपाशी राहिला.

आता शुक्रवारची गंमत ऐका. विधेयक पाडायला त्याच्याविरुद्ध मत द्यावं लागत नाही. कुणीतरी उठायचं आणि चार वाजेपर्यंत बोलत राहायचं. चारचा ठोका पडला की विधेयक मेलं. त्यावर एकच औषध आहे: ज्याचं विधेयक त्याने उठून म्हणायचं, ‘आता पुरे, मतं घ्या,’ आणि मत म्हणून त्याच्या बाजूच्या दारातून शंभर सदस्य चालत जायला हवेत. शंभर म्हणजे शंभर. पण शुक्रवारी सगळे आपापल्या मतदारसंघात पळालेले असतात. त्या दुपारी लंडनमध्ये शंभर खासदार जमवणं म्हणजे जेवणं उरकल्यावर मांडवात शंभर पाहुणे धरून ठेवणं.

एमॉसने चार महिने घालवले. एकेकाच्या मागे लागला. त्याला नाही म्हणणं जड जायचं, कारण प्रत्येकाने त्याचा केक खाल्ला होता.

सरकार आमच्याच पक्षाचं होतं आणि सरकारला हे विधेयक नको होतं. उघड विरोध करायची सोय नव्हती, कारण गिरणीवाल्या बायकांची मतं आमचीच. तेव्हा कॉयल मला चहाच्या खोलीत भेटला. कॉयल पक्षाचा प्रतोद. कुणी कधी कुठल्या दारातून जायचं हे तो ठरवायचा, आणि कुणी मंत्री व्हायचं हेही बरंचसं.

“म्हातारा किती जमवतोय रे?” त्याने विचारलं.

“एकशे दोन. मी धरून, तो धरून.”

कॉयलने पावाला लोणी लावलं. “आणि मोजणारे?”

“त्यातलेच की.”

“त्याला ठाऊक आहे?”

“त्याला काय ठाऊक असणार? चोवीस वर्षांत त्याला कुणी मोजायला उभं केलंय का?”

मोजणारे म्हणजे काय ते सांगतो. मतं घेताना दोन्ही बाजूंचे दोन-दोन सदस्य दाराशी उभे राहून बाहेर पडणारी डोकी मोजतात. त्यांचं स्वतःचं मत धरत नाहीत. एरवी दोन्हीकडचे दोन-दोन गळतात, फरक पडत नाही, म्हणून कुणाच्या ते ध्यानातही राहत नाही. पण शंभरच लागणार असतील तर एकशे दोन हवेत.

“मग मी काय करायचं?” मी विचारलं.

“तू? काही नाही. तुझ्यासारख्या हुशार माणसावर काही करायची वेळ येऊ नये,” कॉयल म्हणाला. “शुक्रवारी दुपारची गाडी धर आणि घरी जा, झालं. कामगार खात्यात उपमंत्र्याची जागा रिकामी होतेय, कानावर आलंच असेल.”

आलं होतं. नऊ वर्षं मी त्या खिडकीशी बसून दुसरं काय ऐकत होतो?

शुक्रवार उजाडला. हेस्टर आली होती. प्रेक्षकांच्या सज्जाचा जिना चढायला तिला अर्धा तास लागला. दर चार पायऱ्यांवर द्वारपालाने खुर्ची ठेवली. एमॉसने नवी कॉलर लावली होती. मान लाल झाली होती. त्याने विधेयक मांडलं आणि वीस मिनिटं बोलला. खरं सांगायचं तर चांगला बोलला, आणि मला त्याचा रागच आला.

मग समोरून सर लायनेल उठले. ते कापसाच्या इतिहासावर बोलू लागले. अर्ध्या तासाने ते इजिप्तला पोहोचले आणि तिथेच मुक्काम ठोकला.

अडीच वाजता मी एमॉसला बाहेर बोलावलं. “एमॉस, आईला बरं नाहीये रे. घरून फोन आलाय.”

आई ठणठणीत होती. त्या दुपारी ती शेजारणींबरोबर पत्ते खेळत होती.

“अरे देवा!” एमॉसने माझा दंड धरला. “मग तू अजून इथे काय करतोयस, पोरा?”

“तुझं मतदान आहे ना.”

त्याने खिशातून कार्ड काढलं. एकशे दोन नावं, पेन्सिलीने. ओठ हलवत त्याने मोजली. “शंभर लागतात. तू गेलास तरी एकशे एक राहतात. एक वरच. बरोबर आहे ना, रोलँड? तू मास्तर माणूस, जरा बघून घे.”

“तूच मोजलीयस ना?”

“तीनदा.”

“मग झालं तर.”

मी खोटं बोललो नाही. हे मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं आहे. त्याने माझा कोट आणून दिला, बाही धरून अंगावर चढवला, आणि गाडीत खायला केकचा तुकडा कागदात बांधून दिला. तो मी युस्टन स्टेशनवर कबुतरांना घातला.

पुढचं मी पाहिलं नाही, पण इतक्यांनी इतक्या चवीने सांगितलंय की पाहिल्यासारखंच आहे. साडेतीनला एमॉस उठला आणि म्हणाला, ‘आता पुरे, मतं घ्या.’ सभापतींनी मान्य केलं. घंटा वाजल्या. मोजायला कोण, असं विचारताच एमॉस पुढे झाला. चोवीस वर्षांत पहिल्यांदा मान मिळत होता, तो सोडतोय कशाला! हेस्टर वरून बघत होती. दाराशी उभं राहून त्याने एकेकाच्या खांद्याला हात लावून डोकी मोजली. मग चौघे मोजणारे रांगेने आत आले, सभापतींना वाकून नमस्कार केला, आणि एमॉसने मोठ्या आवाजात आकडा वाचला.

“होकाराकडे नव्याण्णव. नकाराकडे अकरा.” आणि मग वर म्हणाला, “आणि आम्ही दोघं, महोदय. म्हणजे एकशे एक.”

सभागृह हसलं. त्याच्या बाजूचेही हसले. सभापतींनी त्याला शांतपणे समजावलं की मोजणारे मोजले जात नाहीत, आणि शंभर न झाल्यामुळे चर्चा पुढे चालू राहील. एमॉस तिथेच उभा राहिला. कुणीतरी कोटाला धरून त्याला खाली बसवलं. सर लायनेल उठले आणि त्यांचं वाक्य जिथे तुटलं होतं, बरोबर तिथून त्यांनी ते पुढे चालू केलं. चार वाजता सगळं संपलं.

सोमवारी वर्तमानपत्रांनी त्याला सोलून काढला. ‘शंभरापर्यंत मोजता न येणारा खासदार’ असं एकाने छापलं. गिरणीतल्या बायकांनी काही म्हटलं नाही, पण ब्रॅकनशॉतले पक्षाचे लोक म्हणाले, हा हातातोंडाशी आलेला घास घालवणारा माणूस आम्हाला पुन्हा उमेदवार म्हणून नको. बैठक झाली. एमॉस स्वतः हजर होता. त्याने सांगितलं, चूक माझीच आहे, नियम माझा मला माहीत असायला हवा होता. मग त्याने स्वतःच्याच विरुद्ध हात वर केला. पुढच्या निवडणुकीत तिथे एक तरुण वकील निवडून आला. मी तोवर उपमंत्री झालो होतो. मोटार होती, शोफर होता.

त्यानंतरच्या वसंतात ब्रॅकनशॉत एक पोहण्याचा तलाव उघडायला मी गेलो. एमॉसने निरोप पाठवला, चहाला ये. टाळता आलं असतं. पण खरं सांगू, मला बघायचं होतं.

स्वयंपाकघरात शेगडीजवळ हेस्टर खुर्चीत बसली होती, पाठीला तीन उशा लावून. शिट्टीसारखा बारीक आवाज सारखा येत होता. किटली असेल असं मला वाटलं, पण ती किटली नव्हती. एमॉस म्हातारा दिसत होता. त्याने मला चांगली खुर्ची दिली आणि स्वतः उभाच राहिला, टोपी हातात धरून, स्वतःच्या घरात.

“रोलँड, मला तुझी माफी मागायचीय.”

“माझी? कशाबद्दल?”

“त्या शुक्रवारी मी तुला जाऊ दिलं. तू थांबायला तयार होतास, मीच मोठेपणा केला. पुढे हिशेब केला तेव्हा कळलं, तू असतास तर बरोब्बर शंभर झाले असते. म्हणजे तुला आयुष्यभर वाटत राहणार, आपण गेलो म्हणून विधेयक पडलं. आधीच आई आजारी, त्यात मी तुझ्या डोक्यावर हे ओझं ठेवलं. मला रात्र-रात्र झोप लागत नाही बघ.”

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी उठलो, त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“जाऊ दे, एमॉस. मी केव्हाच माफ केलंय तुला.”

त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. मला, काय सांगू, छान वाटलं. माणूस देवळातून बाहेर पडतो तसं.

“साहेब,” हेस्टर म्हणाली. एका श्वासात तिला दोन-तीन शब्दच जमायचे. “ते वाकून... नमस्कार करणारे चौघं... मोजणारे...”

“बोलू नकोस, बाई,” एमॉस म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. “तुम्ही... कधी केलंय ते काम?”

मी तोंड उघडलं, पण एमॉसच माझ्या आधी बोलला, आणि अभिमानाने बोलला. “याने? अगं, पंधरा-वीस वेळा! पहिल्याच वर्षी उभा राहिला होता हा मोजायला. पक्षात याच्याइतके नियम कुणाला पाठ...”

तो थांबला. माझा हात अजून त्याच्या हातांतच होता. तो त्याने एकदम सोडला नाही, हळूहळू सोडला.

“तुझी आई,” तो म्हणाला. “त्या दिवशी काय झालं होतं तिला?”

हेस्टरला खोकल्याची उबळ आली. तो तिच्याकडे वळला, तिला पुढे वाकवून तिची पाठ चोळू लागला, आणि पुन्हा माझ्याकडे वळला नाही. शेवटी माझा कोट मीच घेतला, दार मीच उघडलं. शोफरने विचारलं, साहेब, चहा झाला का? मी म्हटलं, झाला.

तीन महिन्यांनी हेस्टर गेली. मी खात्याच्या कागदावर शोकपत्र पाठवलं. एमॉसने ते न उघडता परत पाठवलं. मला वाईट वाटलं असेल असं तुम्ही म्हणाल, पण नाही. मला त्या बाईचा संताप आला होता, आणि तो अजून उतरलेला नाही. श्वास घ्यायची पंचाईत, त्यात एवढं बोलायची काय गरज होती? म्हातारा रात्री शांत झोपला असता. आणि मीही.