शांत घरांची रांग

धाकटीने ते घर घेतलं ते निव्वळ रूपावर भाळून. एकाला एक चिकटून उभी असलेली दुमजली घरं, पांढरीशुभ्र, दाराभोवती करड्या दगडाची चौकट, वर काळे लोखंडी कठडे. जाहिरातीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘शांततेत राहा.’ धाकटी दातांच्या कवळ्या बनवायच्या कारखान्यात कामाला. दिवसभर घासणाऱ्या यंत्रांची किरकिर. शांतता म्हटल्यावर तिचा जीव त्या घरातच अडकला.

राहायला आली आणि पहिल्याच सकाळी उजवीकडच्या घरातला रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर चहात साखर ढवळताना तिला ऐकू आला. नुसता ढवळताना नाही, चमचा बशीत ठेवतानासुद्धा. दाराभोवतीच्या दगडावर टिचकी मारली तर तो डब्यासारखा वाजला. दगड कसला, वरून चिकटवलेली पातळ फरशी. धाकटीने कपाळावर हात मारला आणि सामान लावायला घेतलं. घेतलंय ना घर, आता निभावून न्यायचं.

पण पुढे थोरल्या भावाकडची आई तिच्याकडे राहायला आली.

आईने सगळी नोकरी बस स्थानकावर घोषणा करण्यात घालवलेली. काय तो आवाज! झोपलेले प्रवासी खडबडून उठायचे. मग तिला अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, पण वाचा गेली. शब्द डोक्यात असायचे, तोंडाशी येताना वाट चुकायचे. बोलणं परत शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, “पुटपुटायचं नाही. पोटातून, मोकळ्या गळ्याने बोलायचं. तुम्हाला सगळ्यात पाठ काय आहे?”

हे काय विचारणं झालं! आई मागच्या खोलीत बसून रोज घोषणा करू लागली. “प्रवाशांनी... लक्ष... द्यावं. गाडी... गाडी...” अडखळायची, चिडायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. महिन्याभरात अख्खं वाक्य तडीला जाऊ लागलं.

मागच्या खोलीची भिंत डावीकडच्या घराशी सामाईक होती, आणि ते घर होतं नमुन्याचं. त्यात राहत कुणी नव्हतं. कंपनीने गिऱ्हाइकांना दाखवायला सजवून ठेवलेलं. घरं विकणारा साहेब एक दिवस फुलांचा गुच्छ घेऊन दारात उभा राहिला. कोट इतका कडक इस्त्रीचा की आईने त्याचं नाव तिथल्या तिथे ‘कोट’ पाडलं.

“आजींचा आवाज काय खणखणीत आहे हो,” कोट म्हणाला. “फक्त रविवारी माणसं घर बघायला येतात. तेवढा वेळ जरा...”

नव्या जागी वाकडेपणा नको म्हणून धाकटी हो म्हणाली. रविवारचा मग शनिवार-रविवार झाला, पुढे रोजची दुपार झाली. भिंतीपलीकडे पावलं वाजली की धाकटी म्हणायची, “आई, हळू गं.” आईने आवाज खाली आणला. मग वाक्यं तोडली. मग पाणी हवं असलं की नुसतं तांब्याकडे बोट दाखवू लागली.

“अहो, यांची गाडी उलटी कशी फिरली?” बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं. “काय झालं, आजी?”

आईने धाकटीकडे पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “शू.”

धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथून ती आईचा हात धरून थेट कोटाच्या कार्यालयात गेली.

“भिंत नियमात बसते, ताई,” कोट म्हणाला. “तुम्ही जाड पडदे लावून बघा.”

“आवाज जातो तुमच्या भिंतीतून आणि पडदे मी लावू?”

“मग आजींना महिनाभर तुमच्या थोरल्या भावाकडे...”

“माझी आई सामान आहे का, इकडून तिकडे हलवायला?” धाकटी उठून उभी राहिली. “ती तिच्या घरात बोलणार. मोठ्याने बोलणार. आणि रविवारी तर बोलणारच. काय करायचं ते करा.”

रविवारी दोघी मागच्या खोलीत बसल्या. पलीकडे पावलं वाजली आणि कोटाचा गुळगुळीत आवाज स्वच्छ ऐकू आला. “दार लावलं की जगाशी संबंध संपला बघा. शेजारी कोण राहतं हेसुद्धा कळायचं नाही.”

आईच्या डोळ्यांत खूप दिवसांनी चमक आली.

“होऊन जाऊ दे,” धाकटी म्हणाली.

आईने छाती भरून श्वास घेतला. “प्रवाशांनी लक्ष द्यावं! गाडी... गाडी थोड्याच वेळात... सुटत आहे!”

पलीकडे कोटाचं बोलणं मध्येच तुटलं. मग एका बाईचा आवाज आला, “अगं बाई! कुठे जाणारी?”

आई गोंधळली. ओठ हलले, शब्द सापडेना. धाकटीच्या जिभेवर दहा गावं आली, पण तिने दात दाबून धरले.

“तुम्हाला... कुठे...” आईने मुठी वळल्या. “कुठे जायचंय?”

भिंतीपलीकडची बाई खो खो हसत सुटली. हे पाठ केलेलं वाक्य नव्हतं. आईचं स्वतःचं होतं.

दुसऱ्याच मिनिटाला कोट दारात हजर, तोंड लालबुंद, मागोमाग ती बाई. “हे तुम्ही मुद्दाम करताय!”

“मुद्दामच करतेय,” धाकटी म्हणाली. “या हो बाई, आत या. सजवलेलं बघितलंत, आता राहतं घर बघा.”

बाई मागच्या खोलीत आली. कोट अडवायला धावला, तेवढ्यात भिंतीतून तिच्या नवऱ्याचा आवाज आला. तो पलीकडेच थांबून फोनवर कुणाला तरी सांगत होता, “हिला फार आवडलंय रे. पण तो विकणारा आहे ना, एक नंबरचा लबाड वाटतोय मला.”

कोटाचं तोंड बघण्यासारखं झालं. ती मंडळी घर न घेता परत गेली.

आठवड्याने कोट पुन्हा आला, या खेपेस नरमाईने. कोपऱ्यावरचं घर रिकामं होतं, त्याच्या भिंती जाड होत्या. अदलाबदल करून देतो, फक्त बाहेर बोलायचं नाही. धाकटीला मोह झाला नाही असं नाही. पण उजवीकडे ड्रायव्हर खोकत होता. रात्रपाळी करून दिवसा झोपणारा तो माणूस, आईच्या घोषणांनी कैकदा जागा झाला असणार, पण कधी चकार शब्द बोलला नव्हता.

“जाड करायच्या तर सगळ्या रांगेच्या भिंती जाड करा,” ती म्हणाली. “मी एकटी हलत नाही.”

संध्याकाळी तिने घरोघरी जाऊन हे सांगितलं. जो तो आवाज जाईल या भीतीने आपापल्या घरात चोरासारखा वावरत होता आणि शेजारी कजाग आहेत असं समजत होता. पुढच्या रविवारपासून रांगेतली सगळी दारं गिऱ्हाइकांसाठी सताड उघडी राहू लागली. ड्रायव्हर तर झोपमोड करून हौसेने चमचा वाजवून दाखवायचा. घरं विकली जाईनात, तेव्हा कंपनीला नाइलाजाने भिंत फोडावी लागली. आत आवाज अडवणारा कापसासारखा थर असायला हवा होता. निघाल्या त्या सिमेंटच्या फाटक्या गोण्या.

भिंती भरायचं काम सुरू झालं. घरभर धूळ, दाराभोवतीची नकली दगडी चौकट हादऱ्यांनी निखळून अंगणात पडली, आणि ती परत लावायचा आग्रह कुणीच धरला नाही. तळमजला उरकल्यावर कोट कागद घेऊन आला. आता काही तक्रार नाही, खाली सही करा.

धाकटीने पेन घेतलं. आईने तिच्या मनगटावर हात ठेवला आणि कोटाकडे बघून, कुठेही न अडखळता विचारलं, “आणि वरचा मजला?”