अकीलाच्या केसांची उस्तवार

जुबैदाचा निकाह छप्पन सालच्या उन्हाळ्यात झाला आणि ती दिग्रसहून बोरी अरबला नांदायला आली. नवरा नजीर शेतकऱ्यांच्या विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करायचा. माणूस शांत, अंगाला कायम डिझेलचा वास. त्याची पहिली बायको रौशन दीड वर्षापूर्वी बाळंतपणात गेली होती आणि मागे राहिलेली अकीला आता सहा वर्षांची होती. सोयरीक ठरवताना जुबैदाच्या भावानं हे सगळं तिच्या कानावर घातलं होतं. पोरीच्या केसांबद्दल मात्र कोणी काही बोललं नव्हतं. बोलणार तरी कोण?

आईमागे नजीरच पोरीला न्हाऊ घालायचा. कपड्यांच्या साबणानं डोकं खसाखसा चोळायचा, कोरडं करायचा आणि वरून फडकं बांधून द्यायचा. जुबैदानं पहिल्या जुम्म्याला ते फडकं सोडलं आणि ती बघतच राहिली. दाट, काळेभोर, बारीक वेटोळ्यांचे केस. कानामागे आणि मानेवर त्यांच्या गाठी होऊन गोळे झालेले. जुबैदाचे स्वतःचे केस सरळ, पातळ, इतके निसरडे की वेणीला गोंडा टिकत नसे. फणी वरून लावली की खाली सुटायची. तिनं अकीलाच्या डोक्यालाही तशीच वरून फणी लावली.

पोरगी किंचाळली नाही. दोन्ही हातांनी आपलं डोकं धरून ती खाली बसली आणि म्हणाली, "माही अम्मी करे तवा दुखत नोतं."

त्यानंतर फणी घरात सापडेनाशी झाली. कधी ज्वारीच्या कोठीत, कधी गोठ्याच्या वळचणीला. जुबैदा ती शोधायची, पोरीला गुडघ्यांत दाबून धरायची आणि पुन्हा तेच. केस तुटून हातात यायचे. तिला वाटायचं, तेल कमी पडत असेल. मग ती वाटीभर तेल टाळूवर थापायची. ते कपाळावरून ओघळायचं आणि केसांची टोकं होती तशीच चरचरीत राहायची. चार महिन्यांत पोरगी जुबैदाची सावली दिसली तरी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जायला लागली.

शेजारच्या तानाबाईनं एक दिवस कुंपणावरून सांगितलं, "न्हाव्याले बोलाव अन् सफा करून टाक. कायले लेकराचा जीव घेऊन राह्यली?"

जुबैदानं नजीरजवळ विषय काढला. तो जेवत होता. भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

"रौशनचे असेच होते," तो म्हणाला. तुकडा ताटात ठेवून तो तसाच उठला.

न्हाव्याचा विचार जुबैदानं सोडून दिला. असे केस जिनं एकदा सांभाळले होते अशी एकच बाई उरली होती. रौशनची आई बाभुळगावला राहायची. नजीरनं दुसरा निकाह लावल्यापासून म्हातारीनं या घराशी बोलणं टाकलं होतं. जुबैदानं नजीरला फक्त, "अकीलाले नानीले भेटवून आणते," एवढं सांगितलं, पोरीला घेऊन यवतमाळची मोटार धरली आणि तिथून दुसरी मोटार बदलून दुपारी बाभुळगावला उतरली.

म्हातारी ओट्यावर बाजेवर बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, माणूस जवळ आल्याशिवाय दिसत नव्हता. अकीला धावत जाऊन तिच्या कुशीत शिरली. म्हातारीचा हात पोरीच्या डोक्यावरून फिरला, मानेवरच्या गोळ्यापाशी थांबला.

"कोणं केलं हे?"

"मीनं," जुबैदा म्हणाली. "मले समजत नाही, नानी. म्हणून आली."

जुबैदा उभीच होती; तिला बस म्हणायला घरातून कोणी आलं नाही. मग म्हातारीनं हात पुढं केला. "इकडं ये. तुही वेणी दे."

जुबैदा खाली बसली. म्हातारीनं तिची वेणी दोन बोटांत धरून शेवटापर्यंत ओढत नेली.

"तुहा केस पाण्यावानी हाय. टाळूचं तेल आपोआप खाली उतरते. दोन दिवसांत डोकं तेलकट होत असन तुहं."

"हो."

"हिचा केस वळणं घेत घेत जाते. तेल पहिल्याच वळणात अडते, टोकाले पोचत नाही. म्हणून टोक उपाशी. तू टाळूले तेल पाजून राह्यली, अन् जिथं भूक हाय तिथं काहीच नाही. अन् वरून साबण. साबणानं होतं नोतं तेही गेलं." म्हातारीनं वेणी सोडली. "कोरड्या केसाले कंगवा लावते ना?"

जुबैदाला रडू येत होतं आणि या घरात रडायचं नव्हतं.

"कोरड्याले कधी लावू नको. हा केस ओलाच समजून घ्या लागते."

त्या दिवशी म्हातारीनं जे दाखवलं ते करायला तिन्हीसांज झाली. मूठभर जवस पाण्यात उकळायला घातलं. पाण्याला अंड्याच्या पांढऱ्यासारखा चिकटपणा आला की गरम असतानाच फडक्यातून गाळायचं, कारण थंड झालं की गळत नाही. आंबट ताकानं डोकं धुवायचं, साबण लावायचाच नाही. केस ओले असतानाच तो जवसाचा चीक ओंजळीनं चोपडायचा आणि आधी बोटांनी गुंता सोडवायचा, तोही खालून. टोकाचा वीतभर सुटला की त्याच्या वरचा. दुसऱ्या हातानं केस मुळाशी धरून ठेवायचे, म्हणजे ओढ डोक्याला लागत नाही. सगळं सुटल्यावर मग मोठ्या दातांचा लाकडी कंगवा. पंचानं घासायचं नाही, मऊ सुती ओढणीत दाबून पाणी टिपायचं. तिळाचं तेल कोमट करून फक्त टोकांना. आणि हे आठ-दहा दिवसांनी एकदा. मधल्या दिवसांत फणी दिसताही कामा नये.

म्हातारीनं निम्मं डोकं केलं आणि निम्मं जुबैदाकडून करवून घेतलं. "ओढू नको. तो गुंता नाही, त्याची चाल हाय. कुठं वळते ते पाह्य अन् तसाच जा." जुबैदाच्या बोटांना ते जमायला वेळ लागला. अकीला दोघींच्या मध्ये बसून गूळ-फुटाणे खात होती. मानेवरचा गोळा सुटला तेव्हा तिला झोप लागलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना म्हातारी म्हणाली, "माही लेक गेली, त्यात तुहा कसूर नाही. मले समजते. पण तोंडातून निघत नाही." एवढंच. जुबैदानं तिच्या पायांना हात लावला.

त्यानंतरची चार वर्षं जुबैदाच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली गेली. तिला स्वतःचं मूल झालं नाही. पण दर दहाव्या दिवशी सकाळी चुलीवर जवस चढायचं आणि अकीला न सांगता पाट घेऊन अंगणात येऊन बसायची. जुबैदाची बोटं केसांत असली की पोरीचं तोंड सुरू व्हायचं. शाळेतली भांडणं, बाईंनी काय शिकवलं, तानाबाईची शेळी कोणाच्या पऱ्हाटीत शिरली, सगळं. केस कमरेपर्यंत आले. ओले असले की सरळ दिसायचे आणि वाळत आले की एकेक वळसा वर चढून खांद्यापाशी यायचा. अकीला तिला आधी नुसतंच "ओ" म्हणून हाक मारायची. कधीपासून "अम्मी" म्हणायला लागली ते जुबैदाच्या ध्यानात राहिलं नाही, कारण ते एखाद्या न्हाणाच्या दिवशी बोलता बोलताच झालं असणार.

साठ सालच्या पौषात नजीर कमरेला दोर बांधून किसनराव नावाच्या शेतकऱ्याच्या विहिरीत उतरला. इंजिन विहिरीतल्या कट्ट्यावर बसवलेलं होतं. ते चालू करून पाहताना धूर खालीच कोंडला. वरच्या माणसांना दोर हलायचा थांबलेला कळला तोवर उशीर झाला होता. बैलगाडीतून त्याला घरी आणलं तेव्हा अंगावर कुठं खरचटलेलंसुद्धा नव्हतं.

जुबैदा इद्दतीत बसली. चार महिने दहा दिवस ती घराबाहेर पडली नाही. त्या दिवसांत अकीला रात्रंदिवस तिला चिकटून असायची. केसांचा दिवस जुबैदानं एकही चुकवला नाही. तेवढं करताना हातांना काय करायचं ते ठाऊक असायचं. बाकी वेळ हात मांडीवर पडून राहायचे.

इद्दत संपली त्याच आठवड्यात बाभुळगावहून अकीलाचा मामा सरदार आला. सोबत बोरीतले दोन वडीलधारे होते. सरदार काही वाईट माणूस नव्हता. मान खाली घालून बोलत होता.

"अम्मीचं म्हणणं हाय, पोरगी आमच्या रक्ताची हाय, आमच्याजवळ रायली पाह्यजे. तुमची उमर काय हाय, बाजी? उद्या तुमचे भाऊ तुमचं पुन्हा पाहतीन. तवा हिचं कसं?"

"मी कुठं जात नाही," जुबैदा म्हणाली.

"आज नाही जात."

वडीलधाऱ्यांनी माना हलवल्या. त्यांच्या लेखी त्यात चूक काही नव्हती. बाप गेला, आजोळ आहे. सावत्र आईचा काय हक्क? जुबैदानं एकच गोष्ट मागितली. आणखी एक दिवस.

दुसऱ्या दिवशी न्हाणाचा दिवस नव्हता, तरी तिनं जवस चढवलं. अकीला पाटावर बसली पण बोलली नाही. जुबैदानंच बोलायचं ठरवलं होतं. तिनं सगळं पुन्हा सांगितलं, की जवस किती, पाणी किती, आधी बोटं, मग कंगवा. "तुलेच करावं लागंल आता. नानीचे हात थरथरतात. मामीले सांगजो, न लाजता सांगजो."

"माहा हात मागं पोचत नाही," अकीला म्हणाली.

जुबैदानं मागचे केस दोन भागांत करून खांद्यावरून पुढं घेतले आणि तिच्या हातात दिले. "असे पुढं घेत जाजो."

मोटारीत बसताना पोरगी रडली नाही. तिचं डोकं खिडकीच्या गजाला टेकलेलं होतं आणि वाळत आलेले केस गजांतून बाहेर उडत होते. जुबैदाला ओरडून सांगायचं होतं, की धूळ लागेल, ओढणी घे. मोटार निघाली.

भाऊ न्यायला आला तेव्हा जुबैदा दिग्रसला गेली नाही. गोधड्या शिवून ती बोरीतच राहिली. मनात होतं, की आपण इथून हललो नाही हे कळलं तर कदाचित पोरीला परत पाठवतील. सात महिन्यांनी ती बाभुळगावला गेली. पदरात जवसाची पुरचुंडी होती.

दार मामीनं उघडलं. कडेवर तान्हं, पायांत आणखी दोन. जुबैदाला पाहून तिच्या तोंडचं पाणी पळालं. ती बाजूला झाली.

अकीला आतून आली. डोक्यावर ओढणी घट्ट बांधलेली. "सलाम, खाला," ती म्हणाली. या घरानं तिला अम्मीऐवजी खाला, म्हणजे मावशी, म्हणायला शिकवलं होतं, आणि शिकवणं बरोबरच होतं.

जुबैदानं पुढं होऊन तिची ओढणी सोडली. केस कानाच्या वर कापलेले होते, कैचीनं, कुठं कमी कुठं जास्त. उरलेले कोरडे होऊन उभे राहिले होते.

"उवा झाल्या होत्या," मामी दारातूनच म्हणाली. "चार लेकरं हायेत, बाजी. विहिरीचं पाणी, सैपाक, हे तान्हं. एकदा केलं, दोनदा केलं. दिवस जाते त्यात. माह्याच्यानं नाही झालं." तिचे डोळे भरून आले होते. जुबैदाला तिचा राग करायचा होता, पण करता आला नाही.

ओट्यावरून म्हातारीचा आवाज आला. आता तिला काहीच दिसत नव्हतं. "मले कोणं सांगितलं नाही. रातच्याले जवळ झोपली, हात फिरवला, तं हातात काही आलंच नाही. मले वाटलं दुसऱ्याचंच लेकरू हाय." मग ती म्हणाली, "मीनंच आणवली तिले. तुह्याजवळच राहू द्यायले पाह्यजे होती."

"मंग आता पाठवा," जुबैदा म्हणाली.

ते आता म्हातारीच्या हातात नव्हतं. सरदारनं अकीलाची सोयरीक मामीच्या भाच्याशी तोंडी पक्की केली होती. पोरगी आता याच घरात वाढायची होती.

जुबैदानं अकीलाला जवळ ओढलं. "बारीक केसांचीही उस्तवार करा लागते. ओले असतानीच..."

"राहू द्या, खाला," अकीला हळूच म्हणाली. अकरा वर्षांच्या पोरीचा तो आवाज नव्हता. "आता गुंता होत नाही. दुखत नाही काही."

तरी ती उठून गेली नाही. जुबैदाचा हात डोक्यावर होता तोवर बसून राहिली. मग आत तान्हं रडायला लागलं आणि मामीनं हाक मारायच्या आधीच ती उठली.

जुबैदा त्यानंतर दोनदा बाभुळगावला गेली. दुसऱ्या वेळी म्हातारी नव्हती. मग जाणं थांबलं. सहासष्ट साली अकीलाचं लग्न झालं ते तिला यवतमाळच्या मोटार स्टँडवर एका बाईकडून कळलं. केस पुन्हा वाढले होते का, हे तिच्या ओठांवर आलं, पण त्या बाईला ते काय माहीत असणार, म्हणून तिनं विचारलं नाही.

बोरीतल्या बाया मात्र तिच्याकडे यायच्या. कोणाच्या पोरीचे केस कुरळे निघाले, गुंता होतो, पोरगी रडते, म्हणून. पंचफुला नावाची एक तरणी बाई अशीच तीन वर्षांच्या लेकीला घेऊन आली. जुबैदानं सगळं सांगितलं. जवस किती उकळायचं, कधी गाळायचं, तेल कुठं लावायचं, गुंता खालून का सोडवायचा.

"एकदा करून दाखवा ना, मावशी," पंचफुला म्हणाली. "तुमच्या हाताले सवय हाय."

पोरगी पाटावर बसली होती. ओल्या केसांतून पाणी पाठीवर गळत होतं. जुबैदानं हात पुढं केला आणि मागं घेतला.

"तू कर," ती म्हणाली. "मी इथं बसून सांगत जाते." आणि भिंतीला टेकून, एकेक बट सुटेपर्यंत, ती सांगत राहिली.