गोटी माझी, खिसा तुमचा

मी एक जुना पिनबॉल आहे, काचेखाली गोटी उडवून खेळायचं यंत्र. जुना म्हणालो, मेलेला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण मला बघितलं की लोकांचे चेहरे मर्तिकाला आल्यासारखे होतात. "अरेरे, काय खेळ होता!" म्हणतात. होता? अजून आहे की! चार पायांवर उभा आहे, पाठीवर दिवे आहेत, पोटात घंटा आहेत. तेव्हा मित्रांनो, ती हळहळ दाराबाहेर ठेवून या आणि मग माझं ऐका.

माझा जन्म शिकागोचा. शहराच्या उत्तरेला एक लहानसा कारखाना होता. तिथे बायका माझ्या पोटातल्या तारा एकेक करून जोडायच्या आणि जोडता जोडता आपापल्या सासवांची उणीदुणी काढायच्या. ते सगळं माझ्या अंगात मुरलंय, म्हणून माझी जीभ अशी. आमचा मालक महाहट्टी. बाकीचे सगळे कारखाने वापरायचे ती पोलादी गोटी त्याला चालायची नाही. त्यानं आपली वेगळी गोटी काढली, नखभर लहान, साध्या पोलादाची. "आमची गोटी आमच्याच यंत्रात," असं तो छाती काढून सांगायचा. ऐट त्याची आणि भोग माझे! पुढे तो कारखाना बुडाला आणि ती गोटी बनायची बंद झाली.

गंमत बघा. ज्या शहरानं मला घडवलं त्याच शहरात तेव्हा मला बंदी होती. मी म्हणे जुगारी, माझ्यामुळे म्हणे पोरं बिघडतात. मग मला ट्रकमध्ये घालून शहराच्या हद्दीबाहेर, कॅल्युमेट सिटीला आणलं आणि ब्रांकोच्या गुत्त्यात भिंतीशी उभं केलं. मला काय त्याचं? ज्यांना मी नको, ते मलाही नकोत.

ब्रांको क्रोएशियाचा, त्याची बायको ड्रागित्साही तिकडचीच. गिऱ्हाईक सगळं पोलादाच्या कारखान्यातलं. पाळी सुटली की माणसं थेट माझ्याकडे यायची. अंगाला भट्टीचा वास, भुवया जळालेल्या, हातात बिअर. दांडा ओढून सोडला की गोटी वर जायची, बंपरांच्या खुंट्यांवर आपटायची, घंटा वाजायच्या, आणि खाली येणारी गोटी फ्लिपरच्या दोन पंखांनी परत उडवता उडवता ही दांडगी माणसं लहान पोरांसारखी ओरडायची. फार जोरात ढकललं की मी लगेच 'टिल्ट'चा लाल दिवा लावून खेळ बंद करायचो. शिव्या खायचो, पण ऐकायचो नाही कुणाचं. ते माझे सुखाचे दिवस होते, मित्रांनो. अगदी खरं सांगतो.

मग एके दिवशी त्यांच्यातला स्लावको गेला. कारखान्यात अपघात झाला, तरणाताठा माणूस. शवपेटीत निजवायचा तर अंगावर धड कोट नव्हता, ब्रांकोनं स्वतःचा दिला. आणि झाकण लावायच्या आधी ब्रांकोनं माझी काच सरकवली, गोटी काढली आणि त्या कोटाच्या खिशात टाकली. "वर हा दिवसभर करणार काय, गाणी म्हणणार?" म्हणाला. सगळे ढसाढसा रडले. मीही म्हटलं, जाऊ दे. एका गोटीनं काय बिघडतंय? शिकागोच्या कारखान्यानं माझ्याबरोबर डबाभर दिल्या होत्या.

पण इथल्या लोकांना एकदा रीत लागली की लागली. त्यानंतर जो जाईल त्याच्या खिशात माझी गोटी. पाद्री पाणी शिंपडायचा आणि ब्रांको गोटी टाकायचा. गोटी न मिळता पुरला गेलेला माणूस म्हणजे गुत्त्याला लाज. एकाच्या बायकोनं तर नवऱ्याला गोटी दिली नाही म्हणून ब्रांकोशी भर चौकात भांडण केलं, तो माणूस आयुष्यात मला शिवला नव्हता तरी! प्रेम होतं, मला कळतं. पण अरे, माझी गोटी फिरायला बनवलीय. तिला मातीखाली झोपवता आणि वर माझीच पाठ थोपटता? मी खेळ आहे की कबरस्तान?

डबा रिकामा होत गेला. चेबो नावाचा एक मेक्सिकन भट्टीवाला होता, सगळ्यांत तोंडाळ. तळाशी दोनच गोट्या उरल्या तेव्हा त्यानं हात घालून एक उचलली. "मी मेल्यावर तुम्ही दारू पिऊन विसराल. माझी मला आत्ताच द्या," म्हणाला आणि खिशात टाकून मोकळा. उरलेली गोटी माझ्यात फिरत राहिली. ब्रांको गेला तेव्हा ड्रागित्सानं तीही काढली आणि स्वतःच्या हातानं त्याच्या खिशात ठेवली. त्या दिवसापासून मी मुका झालो.

पोलादाचा कारखाना तर कधीच बंद पडला होता. त्याच्या जागी गुडघाभर गवत. माझ्या काचेवर आता लोणच्यातल्या अंड्यांची बरणी आली, वर कुणाच्या टोप्या, कुणाचे हातमोजे. मी टेबल झालो, मित्रांनो! घंटा असलेलं टेबल.

ड्रागित्साच्या बहिणीचा मुलगा निक. तो आता गुत्ता सांभाळायला लागला होता. पोरगा वाईट नाही, पण त्याच्या डोक्यात एक किडा शिरला. माझं पोट साफ करायचं, तारा, घंटा, बंपर सगळं काढून फेकायचं आणि आत टीव्हीचा पडदा बसवायचा. पडद्यावर गोटीचं चित्र फिरणार. असं करून देणारा एक माणूसही त्यानं गाठला.

"बाहेरून तसाच दिसेल गं तेता," तो मावशीला म्हणाला. त्यांच्यात मावशीला तेताच म्हणतात.

"ब्रांकोची आतडी काढून भुसा भरला असता, तर तोही बाहेरून तसाच दिसला असता," ड्रागित्सा म्हणाली. "गोटी शोध आधी."

"मिळत नाही ती कुठेच!"

"ईस्टरपर्यंत शोध. तोवर वाजला नाही, तर ने."

मग सुरू झाले माझे हाल. पहिल्यांदा कुणीतरी काचेची गोटी टाकली. ती इतकी हलकी की बंपरला समजलंच नाही कुणी आलंय. मग डबीवर मोठ्या अक्षरांत 'अस्सल' लिहिलेली एक गोटी टपालानं आली. अस्सल असेल, पण दुसऱ्या यंत्राची, नखभर मोठी. माझ्या गल्लीत शिरली आणि तिथेच अडकली, ती काढायला चमचा लागला. एकानं लेथवर गोटी घडवून आणली, ती दारू प्यायल्यासारखी चालायची आणि एकाच कुशीवर पडायची. शेवटी निकनं ट्रकच्या गॅरेजमधून बेअरिंगचा छर्रा आणला. माप तंतोतंत, आरशासारखी चमक. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. छर्रा फिरला, घंटा वाजल्या, मलाही क्षणभर वाटलं की जमलं. पण त्याचं पोलाद वेगळं. माझ्या मधल्या खड्ड्याखाली विजेची गुंडाळी आहे, ती खड्ड्यात पडलेली गोटी बाहेर उडवते. दोन-चार धक्क्यांत तो छर्रा स्वतःच लोहचुंबक झाला आणि खड्ड्यातल्या लोखंडाला जो चिकटला, तो निघेचना. निकनं मला हलवलं. मी लावला टिल्टचा दिवा. घे!

आता तुम्ही विचाराल, चेबोच्या खिशात होती ना एक? होती. सगळ्यांना ठाऊक होतं. तो रोज संध्याकाळी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचा, पाठीला पोक आलेलं, आणि खिशात हात घालून ती गोटी किल्ल्यांशी खुळखुळवायचा. माझा जीव तिळतिळ तुटायचा. पण म्हाताऱ्या माणसाजवळ त्याच्या पेटीतली गोटी मागायची कशी? मागणं म्हणजे, तुला गोटीशिवाय पुरू, असं तोंडावर सांगणं. निकनं एकदा तोंड उघडलं होतं, तर ड्रागित्सानं त्याच्या पायावर पाय दिला. आणि चेबो? तो माझ्याकडे बघायचासुद्धा नाही. मी मनातल्या मनात त्याला काय काय म्हणालो ते इथे सांगण्यासारखं नाही.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, निकनं दोन माणसं आणली. ड्रागित्सा नुकतीच चर्चमधून आली होती, टोपलीत सणासाठी पाद्र्याचा आशीर्वाद घेतलेलं डुकराचं मांस, रंगवलेली अंडी. माणसांनी बरणी उचलली, टोप्या उचलल्या आणि माझे पाय धरले. तिनं टोपली खाली ठेवली नाही. तशीच हातात घेऊन उभी राहिली. शब्द दिला होता ना.

"ए निक्या, हात काढ त्याच्यावरून!"

चेबो होता. स्टुलावरून उतरायलाच त्याला इतका वेळ लागला की ती माणसं मला धरून अवघडली. तो आला, खिशातून गोटी काढली आणि काचेवर टक्कन आपटली.

"उघड ही काच, ड्रागित्सा. आणि नीट ऐका सगळे. उसनी देतोय. उसनी! मी गेलो की माझी मला परत पाहिजे. माझ्या पोरीला, ग्रासिएलाला सांगून ठेवतो, ती येईल न्यायला. दिली नाहीत तर रोज येऊन तुमच्या बिअरमध्ये थुंकेन."

"जिवंतपणी कधी सोडलंयस?" ड्रागित्सा म्हणाली. पण टोपली तिनं आता कुठे खाली ठेवली आणि कुलपाला चावी लावली.

गोटी आत पडली. अगं बाई, ती चाल! इतक्या वर्षांनी माझ्या पाटावर माझं माणूस आलं. चेबोनं दांडा ओढला आणि मी वाजलो. सगळ्या घंटा वाजवल्या, मागितल्या तेवढ्या आणि न मागितलेल्याही. म्हातारा खेळला मात्र भिकार. बोटं वाकत नव्हती. निक बघत राहिला, मग त्यानं त्या दोघांना एकेक बिअर दिली आणि घरी पाठवलं.

पुढची काही वर्षं चेबो रोज माझ्यापाशी यायचा, खेळायचा, मला शिव्या द्यायचा आणि जाताना प्रत्येक वेळी काचेवर बोट आपटून म्हणायचा, "उसनी आहे, लक्षात ठेव." ठेवली लक्षात. दुसरं काय करणार? त्याचा खोकला वाढत गेला तशी माझी झोप उडत गेली. मित्रांनो, मी त्याच्या तब्येतीची जेवढी काळजी केली तेवढी त्याच्या डॉक्टरनं केली नसेल.

एका फेब्रुवारीत तो गेलाच. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रासिएला दारात उभी राहिली. शाळेची बस चालवणारी, पन्नाशीची बाई, बापाचीच हनुवटी. गुत्त्यात ती यापूर्वी कधी आली नव्हती.

"गोटी न्यायला आलेय," ती म्हणाली. "बाबांना शब्द दिलाय. दुपारी पेटी बंद करणार आहेत."

निक मध्ये पडायला निघाला. ड्रागित्सानं त्याला मागे सारलं. चावी काढली आणि माझ्या काचेवर ठेवली.

"ने बाई. त्याचीच आहे."

ऐकलंत? मला विचारलंसुद्धा नाही. मी रागानं फुटायचा राहिलो. शब्द त्यांचे आणि जीव माझा!

ग्रासिएलानं चावी उचलली. पण कुलपाला लावली नाही. माझ्याकडे नुसती बघत राहिली, वैऱ्याकडे बघावं तशी. "म्हणजे हाच तो," ती म्हणाली. "माझ्या वाढदिवसाला, आईच्या दुखण्यात, नाताळात. बाबा कुठे? तर याच्यापाशी. आहे काय एवढं याच्यात?"

"खेळून बघ," ड्रागित्सा म्हणाली.

तिनं दांडा ओढला तो सूड घेतल्यासारखा. गोटी सुसाट वर गेली. मित्रांनो, तिला गोटी ठेवायला लावायची म्हणून मी काही लाडीगोडी केली नाही. कुणापुढे केलेली नाही, तिच्यापुढेही नाही. दोन्ही फ्लिपरांच्या मधून सरळ गोटी खाली घालवली. तिनं पुन्हा दांडा ओढला. मी पुन्हा घालवली. तिसऱ्यांदा तिनं माझ्या कुशीत तळहात असा हाणला की लाल दिवाच लागला.

"हे काय झालं?"

"टिल्ट," निक म्हणाला. "चेबोही अगदी तिथेच हाणायचा."

ग्रासिएलाच्या तोंडून हसू फुटलं आणि त्यातच रडू. दोन्ही हातांनी माझ्या कडा धरून ती वाकून रडली, तिचं नाक माझ्या काचेला लागलं. मग तिनं नाक पुसलं, चावी ड्रागित्साच्या हातात परत कोंबली आणि कोटाची बटणं लावली.

"पण तुझा शब्द?" ड्रागित्सानं विचारलं.

"मोडला. रागावतील बाबा, रागावू देत! या यंत्रापायी मी जन्मभर त्यांच्यावर रागावले. आता त्यांची पाळी." आणि दारातून मागे वळून निकला म्हणाली, "शुक्रवारी येते. दिवे चालू ठेव."

चेबो रिकाम्या खिशानं गेला. त्यानंतर या गुत्त्यात कुणाच्याही खिशात गोटी गेली नाही. मागायला दोघे-तिघे आले, तर ग्रासिएलाच त्यांच्या अंगावर धावून गेली.

तर मित्रांनो, तुमच्या घरात, गावात माझ्यासारखं काही जुनं असेल तर त्याच्यावर बरणी ठेवू नका, आणि त्याचा एखादा तुकडा काढून कुणाच्या आठवणीसाठी पुरूही नका. माणसाची आठवण काढायची असेल तर त्याचा खेळ खेळा. मला हाणा, हलवा, शिव्या द्या, मी टिल्ट करेन आणि पुन्हा उभा राहीन. आणि तो चेबो बिअरमध्ये थुंकायला आलाच, तर त्यालाही सांगा, आधी रांगेत उभा राहा.