जेवणाआधीचं वाक्य

निंबा सरांच्या घरात इंग्रजीचं एक वाक्य बोलल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही, असा नियम होता. नरडाण्याजवळच्या त्या खेड्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं. सरांच्या लेकीला, पुनमला बघायला पाहुणे आले, तेव्हा बोदवडचे तिचे सासरेही पाटावर बसून घाम पुसत म्हणाले होते, "आय ॲम हंग्री, सर." सगळा ओटा हसला होता. लग्न तिथेच ठरलं, असं पुनमची माय अजून सांगते.

सरांची, म्हणजे पुनमच्या नानांची इंग्रजी त्यांच्यासारखीच होती, धोतराच्या काठाएवढी ठसठशीत. शिरपूरला त्यांच्या मास्तरांनी जशी शिकवली तशी. वाक्याचा शेवट ते अहिराणीसारखा लांबवायचे, जणू विहिरीतून बादली वर येतेय. "टुडे स्काय इज व्हेरी क्लीऽऽन." वर्गातली पोरं पाठीमागे नक्कल करायची. फळ्याकडे तोंड असलं तरी नानांना कळायचं. ओरडायचे नाहीत, खडू खाली ठेवून क्षणभर तसेच उभे राहायचे, एवढंच.

पुनम त्याच सुरात बोलत मोठी झाली. मग पुण्याला कॉल सेंटरमध्ये नोकरी लागली. तिथल्या ट्रेनरबाईंनी तो सूर दोन महिन्यांत घासून काढला, करपलेलं पातेलं घासावं तसा. पुनमला तेव्हा बरंच वाटलं होतं.

आता ती जळगावला राहते. लेक भूमिका पहिलीत आहे. तिची इंग्रजी तिसरीच, मोबाइलमधल्या कार्टूनची. दर रविवारी नानांचा फोन यायचा आणि आजोबा-नात एकेक वाक्य बोलायचे. हळूहळू भूमिका वाक्याचा शेवट लांबवायला लागली. शाळेच्या मॅडमनी पुनमला बोलावून घेतलं. "घरी असं कोण बोलतं? मुलांच्या कानावर एकच उच्चार पडू द्या. नाहीतर स्नेहसंमेलनात घेणार नाही हं तिला."

पुनमने त्या रविवारी फोन स्वतःच उचलला. "नाना, भूमिकेशी मराठीतच बोलत जा ना. शाळेत घोळ होतोय तिचा."

नाना म्हणाले, "बरोबर शे. मॅडम सांगस ते बरोबरच शे."

त्यानंतरही फोन यायचे. "जेवनी का, बेटा?" "हो." "शाळा कशी शे?" "गुड." मग माय फोन घ्यायची. भूमिकाने एकदा विचारलं, "नाना माझ्यावर रागावलेत का?" पुनम पोळी लाटत राहिली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जायचंच. पोचल्या पोचल्या भूमिका कडुनिंबाच्या झोक्यावर. मायने खापरावर पुरणाच्या पोळ्या केल्या होत्या, परातीएवढ्या. आमरसाची वाटी ताटात आली, मांडी घालून सगळे बसले. भूमिका हात मांडीवर ठेवून नानांकडे बघत राहिली.

नानांनी पोळीचा घास मोडला.

"नाना, वाक्य?" पुनम म्हणाली.

"ते काय आते," नाना ताटाकडे बघत म्हणाले. "पोरीसले भूक लागनी व्हई. जेवा."

माय उगाच रस वाढायला उठली. ती जाता जाता पुनमच्या कानाशी पुटपुटली, "आठ महिना व्हयी गयात. दुकानवरबी इंग्रजी बोलतस नही. पेपरबी मराठीच."

मी बोलते, पुनमला वाटलं. मी त्यांच्यासारखंच बोलते, म्हणजे त्यांना कळेल. लहानपणचं वाक्य तिने उचललं आणि शेवट लांबवला.

"टुडे स्काय इज व्हेरी क्लीऽऽन."

तिला स्वतःलाच ऐकू आलं. सूर चढला खरा, पण नको तिथे चढला आणि नको तिथे तुटला. ट्रेनरबाईंनी घासलेल्या जिभेवर तो आता बसत नव्हता. भूमिका तोंडावर हात धरून खुदकन हसली.

नानांचा हात घासासकट थांबला. त्यांनी घास ताटात ठेवला आणि क्षणभर तसेच बसले, फळ्यापाशी उभे राहायचे तसे.

"नाना, मी तसं नाही..."

"नक्कल चांगली करस, बेटा," नाना म्हणाले. आवाजात राग नव्हता. तो असता तर पुनमला तो पेलला असता. "वर्गात कोनलेच इतकी जमनी नही."

मग त्यांनी आपली रसाची वाटी भूमिकेच्या ताटात सरकवली. "खाय, पोरी. गोड शे."

भूमिका पुन्हा हात मांडीवर ठेवून नानांच्या वाक्याची वाट बघत होती.