बोचतं म्हणाली होती

भाजी धुवायला भिंगरीच्या आईने नळ सोडला आणि आतल्या खोलीतली बडबड एकदम थांबली. बाहुलीला रागावणं अर्ध्यावरच राहिलं. आईने नळ बंद केला, ओल्या हातांनीच आत गेली. पलंगाखाली नाही, दाराआड नाही. भिंगरी कपाटात सापडली, बाबाच्या लोंबत्या पँटींच्या मागे, दोन्ही तळव्यांनी दोन्ही मांड्या झाकून उभी.

"भाजी धुतेय गं राणी."

"हात दाखव."

आईने हात पुढे केले. भिंगरीने ते नीट हुंगले. स्पिरिटचा वास नाही, मातीचा आणि कोवळ्या पानांचा आहे, हे पटल्यावरच ती बाहेर आली. तीही आईच्या अंगाला न लागता, कडेकडेने.

भिंगरीची आई मुलांच्या वॉर्डात नर्स होती. तिचा हात हलका म्हणून पोरांच्या आया तिलाच शोधत यायच्या. वॉर्डात एक रीत होती, वॉर्ड सांभाळणाऱ्या मोठ्या सिस्टरांनी घालून दिलेली: इंजेक्शन देताना आईने बाहेर थांबायचं. पोराने राग धरायचा तो नर्सवर, आणि रडत जायचं ते आईकडे. भिंगरीची आई हेच प्रत्येकीला समजावून सांगायची, वाईटपणा माझ्याकडे राहू दे, तुम्ही चांगल्याच राहा. काहीजणी ऐकायच्या, काही दाराला कान लावून उभ्या राहायच्या, आणि त्यांचं तिला मनातून थोडं हसूच यायचं.

मग भिंगरीच्याच लघवीत जंतू झाले आणि ते वर किडनीपर्यंत गेले. तापाने फणफणलेल्या पोरीला घेऊन आई स्वतःच्याच वॉर्डात दाखल झाली. सलाईनमधून औषध सुरू झालं, ताप उतरला, पण पोरीच्या बारीक शिरा काही दिवसांत रुसल्या, सुई कुठे बसेना. डॉक्टर म्हणाले, उरलेली इंजेक्शनं रोज एक मांडीत देऊ, पण कोर्स पुरा करायचाच, मधे सोडला तर जंतू पुन्हा डोकं वर काढतील. घरी न्या हवं तर, घरात नर्स आहे, मग काळजी कसली.

सगळे हसले. सासूबाई म्हणाल्या, पोरीचं नशीब बघा, घरबसल्या दवाखाना. भिंगरीची आईही हसली. माझीच पोर, मीच देईन, असं तिने मोठ्या हौसेने सांगितलं.

हौस कसली ते तिलाच ठाऊक होतं. आजारी पडायच्या आधी भिंगरी पुन्हा अंथरूण ओलं करायला लागली होती. शाळेत जायला लागलेली मुलगी, आणि हे काय, म्हणून आई चिडली होती. "शू करताना बोचतं," भिंगरी म्हणाली होती. ड्यूटीला उशीर होत होता, चादर बदलायची होती. नाटकं पुरेत आता, असं म्हणून आईने चादर तिच्या हातून ओढून घेतली होती. दुसऱ्या कुणाच्या पोरीने हे सांगितलं असतं तर तिने आधी तपासणीला बाटली दिली असती. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही.

म्हणून ती आधी नळाखाली हात धुवून मग औषध जीव लावून तयार करायची. पांढऱ्या पावडरच्या बाटलीत पाणी सोडायचं, ती हलवायची नाही, दोन तळव्यांत गोल गोल फिरवायची, म्हणजे फेस होत नाही. मग मुठीत धरून थोडी ऊब द्यायची. भिंगरी तान्ही असताना दूध कोमट आहे का हे मनगटावर थेंब टाकून बघायची, तितक्याच मायेने. पण बाबा भिंगरीचे पाय धरायचे आणि ती किंचाळायची ती आईच्या डोळ्यांत बघून. नंतर कुशीत घ्यायला आईने हात पुढे केले की ती बाबाच्या गळ्यात तोंड लपवायची.

उरलेल्या बाटल्या द्यायला मोठ्या सिस्टर घरी आल्या. चहा टाकायला आईने नळ सोडला आणि कपाटाचं दार करकरलं. मोठ्या सिस्टरांनी ते ऐकलं, कपाटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

रोज असंच होतं का, त्यांनी विचारलं. आई म्हणाली, थोडे दिवस राहिलेत, निभावेल. त्या म्हणाल्या, उद्यापासून मी येते. आई म्हणाली, नको, माझ्याच हातून बरी होऊ दे.

"बरी ती औषधाने होतेय, तुझ्या हाताचं काय त्यात?"

मग आईच्या तोंडून सगळं बाहेर पडलं, चादर, उशीर, नाटकं. चहा उतू गेला तो मोठ्या सिस्टरांनीच पुसला.

"चूक तुझी," त्या हळूच म्हणाल्या, "आणि फेडतेस तिच्या मांडीवर?"

दुसऱ्या दिवशी त्या आल्या, तेव्हा भिंगरीच्या आईला त्यांनी जिन्यात काढलं. दार लागलं. आत आधी कुजबुज, मग ती किंकाळी. सुई स्वतःच्या हातात असताना किंकाळी कधी एवढी लांबली नव्हती. आईचा हात कडीवर गेला. आपण ज्यांना हसायचो त्या सगळ्या आया तिला आठवल्या, आणि तिने कान दाराला लावला.

दार उघडलं. भिंगरी लंगडत आली, इकडेतिकडे न बघता थेट आईच्या पोटात घुसली.

"आई, सिस्टरमावशी वाईट आहे. बोचतं."

आई तिला घेऊन जिन्याच्या पायरीवर बसली.

"हो राणी," ती म्हणाली. "बोचतंच. तू आधीही सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही."

भिंगरीला आधीचं काही आठवत नसावं. ती आता मांडी चोळून घेण्याच्या घाईत होती. आत मोठ्या सिस्टरांनी हात धुवायला नळ सोडला, तशी ती ताठ झाली. तिने आईचे दोन्ही हात ओढून नाकाशी नेले.

"कांदा," ती म्हणाली, पण सोडले नाहीत. एकेक बोट उलटून हुंगायला लागली.

आई हात पुढे करून बसून राहिली. आत पाणी वाहतच होतं. हात धुवायला एवढा वेळ लागत नाही, मोठ्या सिस्टर मुद्दाम आत रेंगाळल्यात हे तिला कळत होतं, पण तिने हाक मारली नाही. अजून दुसरा हात तपासायचा राहिला होता.